मणक्यांच्या चकतीतला वायू कसा शोधावा : एक्स-रे, सीटी आणि एमआरआय यांची तुलना

कंबरदुखीचा एकच रुग्ण, त्याच्या कंबरेतली एकच चकती आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन तपासण्या. एक्स-रेच्या अहवालात ‘चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील अंतर कमी झाले आहे’ एवढेच लिहिलेले असते, सीटीच्या अहवालात ‘व्हॅक्यूम फिनॉमेनन’, म्हणजे चकतीत वायू, असे शब्द असतात आणि एमआरआयच्या अहवालात वायूचा उल्लेखही नसतो. ‘डॉक्टर, यातला खरा रिपोर्ट कोणता?’ हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले. बहुधा तिन्ही अहवाल खरे असतात. तीन यंत्रांनी त्या चकतीकडे तीन वेगळ्या वेळी आणि शरीराच्या वेगळ्या स्थितींत पाहिलेले असते. आणि चकतीतला वायू खड्यासारखा एका जागी बसून राहत नाही, म्हणून तो कधी सापडतो आणि कधी हुलकावणी देतो.

हा मजकूर मुख्यतः क्ष-किरणशास्त्र शिकणारे विद्यार्थी, तपासणी कक्षातले तंत्रज्ञ आणि तपासणी लिहून देणारे फॅमिली डॉक्टर यांच्यासाठी आहे. परंतु स्वतःचा अहवाल समजून घेऊ पाहणाऱ्या रुग्णालाही तो वाचता यावा, अशा बेताने लिहिला आहे.

वायू येतो कोठून

‘मणक्यात गॅस आहे’ असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या मनात आधी पोट येते. वाताने कंबर धरली, वायू पाठीत चढला, ही भाषा आपल्या घरोघरी आहे, त्यामुळे गॅसची गोळी घेतली तर मणका मोकळा होईल का असे विचारणारेही भेटतात. या वायूचा आतड्यांशी काडीचाही संबंध नाही. दोन मणक्यांमधल्या गादीत, म्हणजे चकतीत, मध्यभागी पाणीदार गर असतो आणि त्याच्याभोवती तंतूंचे घट्ट कडे असते. वय वाढते तसा गर सुकतो, कड्याला चिरा पडतात आणि चकतीच्या पोटात फटी तयार होतात. अशी फट ताणली गेली की तिच्यातला दाब एकदम उतरतो आणि भोवतालच्या द्रवात विरघळलेला वायू बाहेर पडून त्या पोकळीत साठतो. बोटे मोडताना होणारा कडकड आवाजही याच जातीचा आहे. सांधा ओढला जात असताना त्यात पोकळी कशी तयार होते, हे कॅनडातील संशोधकांनी २०१५ साली चालत्या एमआरआयवर टिपून दाखवले आहे.

‘व्हॅक्यूम’ हा शब्द मात्र दिशाभूल करणारा आहे. निर्वात पोकळी तेथे नसतेच. सुईने हा वायू बाहेर काढून त्याचे पृथक्करण करण्यात आले तेव्हा त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास नायट्रोजन आढळला. ते निष्कर्ष १९७७ साली प्रसिद्ध झाले. पण स्वीडनच्या नूटसन यांनी १९४२ साली चकतीतल्या या काळ्या रेषेचे वर्णन करताना जे नाव वापरले ते रूढ झाले, आणि आता ते बदलण्याच्या फंदात कोणी पडत नाही.

तपासण्यांची तुलना करण्यापूर्वी एक गोष्ट पक्की लक्षात घेतली पाहिजे, ती म्हणजे हा सगळा खेळ दाबाचा आहे. जर्मनीतील उल्म येथे एका निरोगी स्वयंसेवकाच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधील चकतीत दाबमापक बसवून केलेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत, उभे असताना दाब सुमारे ०.५ मेगापास्कल आणि आडवे पडल्यावर सुमारे ०.१ मेगापास्कल भरला. म्हणजे नुसते आडवे पडल्याने चकतीवरचा भार पाचपट उतरतो. त्यात कंबर मागे वाकवली तर चकतीची पुढची बाजू उघडते आणि फटीतला वायू पसरतो. पुढे वाकले तर ती मिटते आणि वायू दिसेनासा होतो. म्हणून कोणतीही प्रतिमा हातात घेतली की रुग्ण उभा होता की आडवा, कंबर कोणत्या बाजूला वाकलेली होती आणि त्या स्थितीत तो किती वेळ होता, हे आधी विचारावे. यंत्राचे नाव त्यानंतर.

साधा एक्स-रे

एक्स-रेवर वायू दिसतो तो दोन मणक्यांच्या मधोमध, त्यांच्या पृष्ठभागांना साधारण समांतर अशा काळ्या रेषेच्या रूपात. तो बाजूने घेतलेल्या फिल्मवर शोधावा. समोरून घेतलेल्या फिल्मवर आतड्यांतला वायू आडवा येतो आणि फसगत होते. बाजूच्या फिल्मवरही आतड्याची सावली चकतीवर पडू शकते, परंतु ती चकतीची मर्यादा ओलांडून पुढे पोटाकडे जाते, तर चकतीतला वायू आपली हद्द सोडत नाही. एवढी एक कसोटी लावली तरी बहुतेक शंका मिटतात.

वायू खरोखर शोधायचाच असेल तर नेहमीची एक फिल्म पुरेशी नाही. कंबर मागे वाकवून एक आणि पुढे वाकवून एक अशा दोन फिल्म घ्याव्यात आणि शेजारी शेजारी लावून पाहाव्यात. मागे वाकलेल्या फिल्मवर उमटलेली रेषा पुढे वाकलेल्या फिल्मवर नाहीशी झाली, तर ती वायूचीच, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते, कारण कोणतीही सावली किंवा चुन्याचा (साचलेल्या कॅल्शियमचा) थर असा येत-जात नाही. शिवाय याच दोन फिल्मवर एक मणका दुसऱ्यावर सरकतो का, हेही कळते, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना वायूपेक्षा त्याचीच माहिती अधिक हवी असते. वृद्ध रुग्णाला उभे राहून मागे वाकणे झेपत नसेल तर कुशीवर निजवून ही फिल्म घ्यावी. तंत्रज्ञाने घाई करून रुग्णाला अर्धवटच वाकू दिले तर फिल्म फुकट जाते आणि किरणांचा डोस तेवढा पदरी पडतो.

येथे एक दृष्टिभ्रमही सांगून ठेवतो. पांढऱ्याशुभ्र कडेला लागून आपल्या डोळ्यांना एक बारीक काळी रेषा दिसते, जी फिल्मवर प्रत्यक्षात नसते. डोळा आणि मेंदू मिळून ती तयार करतात. मणक्याची घट्ट झालेली कड आणि चकती यांच्या सीमेवर ती हमखास दिसते आणि नवखा विद्यार्थी ‘वायू’ म्हणून मोकळा होतो. कागदाच्या तुकड्याने मणक्याची पांढरी कड झाकून पाहावी. रेषा नाहीशी झाली तर तो भ्रम होता. टिकून राहिली तर पुढचा विचार करावा.

एक्स-रेची मर्यादा उघड आहे. सगळ्या शरीराची सावली एकाच प्रतलावर पडत असल्यामुळे लहान बुडबुडा, कडेला अडकलेला वायू किंवा मणक्यांच्या मागच्या लहान सांध्यांतला वायू त्यावर सहसा कळत नाही, आणि स्थूल रुग्णात तर मोठी फटही हरवते. एक्स-रेवर वायू दिसला तर तो आहे असे मानण्यास हरकत नाही. दिसला नाही तर त्यावरून काहीही ठरवू नये.

सीटी

वायू शोधण्याच्या कामात सीटीचा हात धरणारी दुसरी तपासणी नाही, आणि याचे कारण आकड्यांत आहे. सीटीच्या प्रतिमेतल्या प्रत्येक बिंदूला हौन्सफिल्ड एककात एक किंमत असते : पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी साधारण उणे १००, आणि हाड कित्येक शे अधिक. वायू आणि त्याच्या शेजारचे ऊतक यांच्या किमतींत हजाराचे अंतर पडते, म्हणून अगदी बारीक फटसुद्धा उठून दिसते. काळा रंग वायूचा की चरबीचा, असा वाद सीटीवर घालावाच लागत नाही. मोजून पाहता येते.

परंतु मोजण्यापूर्वी पाहावे लागते, आणि पाहताना विंडो, म्हणजे पडद्यावर कोणत्या किमतींचा पट्टा काळ्या-पांढऱ्यात दाखवायचा ती मांडणी, चुकते. पोटाचे अवयव पाहण्यासाठी रुंदी ४०० आणि मध्य ४० अशी विंडो लावलेली असते. तिच्यात उणे १६० च्या खालचे सगळे एकसारखे काळे दिसते, आणि चरबीही जवळजवळ काळीच असते. तीच प्रतिमा हाडांच्या विंडोत, म्हणजे रुंदी २००० आणि मध्य ५०० ठेवून पाहिली की चरबी करडी होते आणि वायू तेवढा काळा उरतो. तरीही शंका राहिली तर मी फुप्फुसांची विंडो लावतो. कंबरेच्या मणक्यांवर फुप्फुसांची विंडो लावलेली पाहून शेजारचा तंत्रज्ञ हसतो खरा, पण रुंदी १५०० आणि मध्य उणे ६०० ठेवल्यावर चरबी जवळजवळ पांढरी होते आणि तिच्यात वायूचा ठिपका काजळाच्या बोटासारखा उमटतो.

मग त्या ठिपक्यावर लहानसा गोल टाकून सरासरी वाचावी. मोठ्या फटीत आकडा उणे ७०० ते उणे ९०० च्या घरात येतो. फट बारीक असली तर एकाच बिंदूत थोडा वायू आणि थोडे ऊतक मिसळते आणि आकडा उणे ३०० वर अडकतो. तो चरबीच्या किमतीपेक्षा पुष्कळ खाली असल्यामुळे निष्कर्ष बदलत नाही. ही मिसळ टाळायची असेल तर जाड स्लाइस वापरू नयेत. पाच मिलिमीटरच्या स्लाइसमध्ये हरवलेला बुडबुडा एक मिलिमीटरच्या स्लाइसमध्ये सापडतो. मूळ बारीक स्लाइस यंत्रावर असतात, त्यांच्यापासून उभे छेद तयार करून पाहावेत, कारण चकती आडवी असते आणि आडव्या छेदात तिच्यातली आडवी फट नीट पकडीत येत नाही.

दोन ठिकाणी सीटीही फसवते. पाठीत स्क्रू आणि सळ्या बसवलेल्या असतील तर धातूभोवती काळे पट्टे पडतात आणि ते चकतीवरून गेले की वायूसारखे दिसतात. परंतु पट्टा सरळ धातूपासून निघतो आणि हाड, स्नायू, चकती असा भेदभाव न करता सगळ्यांवरून जातो. दुसरे असे की हाडांची कड धारदार दिसावी म्हणून यंत्र जी प्रक्रिया करते, तिच्यामुळे कडेला लागून कृत्रिम काळी किनार तयार होते. अशा वेळी आकडा मृदू ऊतकांच्या प्रक्रियेतल्या प्रतिमेवर मोजावा, धारदार प्रतिमेवर मोजू नये.

सीटीवर वायूची जागाही नेमकी सांगता येते आणि जागेला अर्थ असतो. मध्यभागी पसरलेला वायू बहुधा गराच्या झिजेचा असतो. पुढच्या कडेला मणक्याला चिकटून असलेली लहानशी रेघ तंतूंचे कडे हाडापासून सुटल्याची खूण असू शकते आणि ती चकतीची उंची शाबूत असतानाही दिसते. वायू चकतीतून निसटून मज्जारज्जूच्या पोकळीत किंवा मज्जातंतूच्या वाटेवर गेला असेल, तर ते मात्र ठळकपणे लिहिलेच पाहिजे, कारण वायूने भरलेली चकतीची गाठ मज्जातंतूवर दाब आणू शकते आणि शस्त्रक्रियेचा बेत त्यावरून बदलतो. मागच्या लहान सांध्यांतला वायूही याच वेळी पाहून घ्यावा.

सीटीची किंमत किरणांत मोजावी लागते. कंबरेच्या मणक्यांच्या एक्स-रेला सुमारे १.५ मिलिसीव्हर्ट इतका डोस लागतो आणि सीटीला यंत्र व रुग्णाच्या बांध्यानुसार साधारण ६ ते ९. जगात माणसाला निसर्गाकडून वर्षभरात सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात, त्याच्याशी ताडून पाहावे. हा डोस घाबरण्यासारखा नाही, परंतु केवळ वायू पाहण्यासाठी सीटी करणे मला पटत नाही. त्यातून बऱ्याच वेळा ती आधीच झालेली असते. मूतखड्यासाठी, अपेंडिक्ससाठी किंवा पोटाच्या आणखी कशासाठी काढलेल्या सीटीत कंबरेचे सगळे मणके आलेले असतात, फक्त त्यांच्याकडे कोणी हाडांच्या विंडोत पाहिलेले नसते. रुग्णाला ‘गेल्या वर्षभरात पोटाची सीटी झाली आहे का?’ असे विचारावे आणि झाली असेल तर तिची सीडी मागवावी. छापील फिल्म चालणार नाही. फिल्मवर विंडो छापतानाच ठरून जाते आणि आकडा मोजता येत नाही. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो तर मुळीच चालणार नाही, मग तो व्हॉट्सअ‍ॅपवर कितीही मोठा करून पाहिला तरी.

एमआरआय

चकतीच्या आजारांसाठी सगळ्यांत चांगली तपासणी कोणती, तर एमआरआय; आणि चकतीतला वायू पाहण्यासाठी सगळ्यांत बेभरवशाची तपासणी कोणती, तर तीही एमआरआयच. यात विसंगती नाही. एमआरआयची प्रतिमा पाणी आणि चरबी यांतल्या हायड्रोजनच्या केंद्रकांपासून मिळणाऱ्या संकेतावर उभी असते. वायूत असा हायड्रोजन नगण्य असल्यामुळे तेथून संकेत येत नाही आणि जागा काळी राहते. अडचण अशी की साचलेला चुना काळा असतो, धातू काळा असतो आणि सुकलेली चकतीही टी-२ प्रतिमेत, म्हणजे पाणी पांढरे दाखवणाऱ्या प्रतिमेत, काळीच असते. काळ्या पाटीवर कोळशाने ओढलेली रेघ शोधावी, तसे ते काम आहे.

म्हणून एमआरआयवर वायू शोधताना टी-२ पासून सुरुवात करू नये. टी-१ या एमआरआयच्या दुसऱ्या नेहमीच्या प्रतिमेत झिजलेली चकतीही करडी राहते, त्या करड्या रंगात काळी फट वेगळी दिसू शकते. ग्रेडियंट इको प्रकारची प्रतिमा उपलब्ध असेल तर तीही पाहावी. वायू आणि ऊतक यांच्या सीमेवर चुंबकीय क्षेत्र विस्कटते, त्यामुळे या प्रतिमेत काळा भाग प्रत्यक्षापेक्षा फुगून दिसतो आणि लहान बुडबुडाही नजरेत भरतो. एकच काळा भाग टी-१ वर लहान आणि ग्रेडियंट इकोवर मोठा झाला, तर वायूची शंका बळावते. तरी चुनाही थोडाफार फुगतो, म्हणून निर्णय एमआरआयवर द्यायचा नसतो. अहवालात ‘वायू किंवा चुना’ असे लिहिण्यात कमीपणा नाही.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. रुग्ण एमआरआयच्या बोगद्यात वीस-पंचवीस मिनिटे किंवा त्याहून अधिक वेळ उताणा पडून असतो, आणि आराम वाटावा म्हणून गुडघ्यांखाली उशी दिलेली असते, जिच्यामुळे कंबरेची कमान सपाट होते. चकतीवरचा भार उतरलेला असतो, वेळ हाताशी असतो, आणि आसपासचे पाणी हळूहळू त्या रिकाम्या फटीत झिरपून वायूची जागा घेऊ शकते. मग सीटीवर जेथे कोळशासारखी काळी फट होती, तेथेच टी-२ वर पांढरीशुभ्र पट्टी दिसते. सीटीला आडवे झाल्यापासून काही मिनिटांतच प्रतिमा मिळून जाते, तेवढ्या अवधीत पाणी आत पोहोचलेले नसते. दोन्ही यंत्रे आपापल्या वेळेपुरती खरी असतात.

या पांढऱ्या पट्टीपायी मी शिकाऊ असताना एक चूक जवळजवळ केलीच होती. साठीच्या पुढच्या एका बाईंच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमधल्या चकतीत टी-२ वर द्रवासारखी झळाळी होती. चकतीत द्रव म्हणजे जंतुसंसर्ग, आणि आपल्याकडे मणक्याचा जंतुसंसर्ग म्हटला की आधी क्षय आठवतो, म्हणून कच्च्या अहवालात मी ‘मणक्यांचा क्षय असण्याची शक्यता’ असे लिहून टाकले. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो वाचला, काही बोलले नाहीत, फक्त ताप आहे का आणि ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) किती आहे, एवढे विचारले. दोन्हीचे उत्तर मला माहीत नव्हते. मग त्यांनी त्या बाईंची दोन महिन्यांपूर्वी मूतखड्यासाठी झालेली सीटी उघडली, विंडो बदलली, आणि नेमक्या त्याच चकतीत, नेमक्या त्याच जागी, वायूची काळी फट होती. मी मोजली तेव्हा आकडा उणे आठशेच्या पुढे गेला. ताप नव्हता, रक्ताच्या तपासण्याही ठीक निघाल्या. तो अहवाल तसाच गेला असता तर त्या बाईंच्या मणक्यात तपासणीसाठी सुई तरी गेली असती किंवा महिनोन्‌महिने एकेटी (क्षयाची औषधे) तरी चालली असती.

तेव्हापासून चकतीत द्रव दिसला की मी आजूबाजूला पाहिल्याशिवाय लिहीत नाही. संसर्गात शेजारच्या मणक्यांच्या पृष्ठभागांची कड खाल्लेली असते, हाडाच्या आतल्या मगजाला सूज असते, आणि कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मऊ भागांत सूज किंवा पू दिसतो. केवळ झिजेत पृष्ठभागाची काळी कड अखंड राहते. झिजेमुळेही मगजात थोडी सूज येऊ शकते, त्यामुळे एकाच खुणेवर विसंबू नये. शंका उरलीच तर त्याच चकतीपुरती मर्यादित सीटी करावी. केवळ वायूसाठी सीटी करू नये असे मी वर म्हटले आहे, त्याला हा अपवाद. चकतीत वायू सापडला तर संसर्गाची शक्यता बरीच कमी होते. ती शून्य होत नाही, कारण काही जंतू स्वतः वायू तयार करतात, पण त्या रुग्णाची प्रकृतीच इतकी ढासळलेली असते की सहसा गल्लत होत नाही.

चकतीत की मणक्यात

एक वेगळी गोष्ट याच ओघात सांगणे जरूर आहे, कारण अहवाल वाचणारे तिची सरमिसळ करतात. वायूची फट चकतीत नसून मणक्याच्या हाडाच्या आत असेल तर तिचा अर्थ पूर्ण वेगळा होतो. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्ध व्यक्तीचा मणका दबल्यानंतर त्याच्या आतल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, तो भाग सांधत नाही आणि तेथे पोकळी राहते. हर्मन क्युमेल या जर्मन शल्यविशारदाच्या नावाने हा आजार ओळखला जातो. ही पोकळी उभ्याने काढलेल्या एक्स-रेवर मिटलेली असते. रुग्णाला उताणे निजवून, दबलेल्या मणक्याखाली गुंडाळी ठेवून बाजूने फिल्म घेतली तर ती उघडते, आणि रुग्णाला वेदना होत असल्या तरी ती फिल्म सावकाश, धीर देत घ्यावी. सीटीवर ती स्पष्ट दिसते. एमआरआयवर तिच्यातही पाणी भरू शकते. ती दिसली म्हणजे मणका कर्करोगामुळे दबलेला असण्याची शक्यता कमी होते, परंतु मिटत नाही, म्हणून ‘वायू आहे, काळजी नाही’ असे या बाबतीत सांगता येत नाही.

सोनोग्राफी आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी यांचा चकतीतला वायू शोधण्यासाठी उपयोग नाही. पहिलीच्या वाटेत हाड येते. दुसरीचे ते कामच नव्हे.

तपासणी निवडताना आणि लिहिताना

कंबर दुखते, पाय दुखत नाही, ताप नाही, पायांतली ताकद शाबूत आहे, अशा रुग्णाला वायूसाठी कोणतीही तपासणी लागत नाही. वायू हे झिजेचे चिन्ह आहे. त्याच्यावर वेगळे औषध नाही आणि तो ‘काढून टाकण्याची’ गरजही नाही. वेदना पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील आणि शस्त्रक्रियेचा विचार असेल तर एमआरआय आधी करावी, कारण मज्जातंतू तीच दाखवते. त्यात चकतीतून बाहेर आलेली काळी गाठ दिसली आणि ती वायूची, चुन्याची की नुसती सुकलेली हे कळणे आवश्यक असेल, तेव्हा सीटी जोडावी. मणके एकमेकांवर सरकतात का हा प्रश्न असेल तर पुढे-मागे वाकून घेतलेले एक्स-रे पुरतात. पेसमेकरसारख्या कारणामुळे एमआरआय करता येत नसेल तर अर्थातच सीटी. लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पाय लुळा पडू लागला, तर तुलनेचा हा सगळा खटाटोप बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

तपासणीच्या चिठ्ठीवर नुसते ‘कंबरदुखी’ लिहून पाठवू नये. दुखणे किती दिवसांचे, ताप आहे का, आधी शस्त्रक्रिया किंवा सुई झाली आहे का, हे दोन ओळींत लिहावे, कारण चकतीत सुई गेल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर तेथे बाहेरचीच हवा राहिलेली असू शकते आणि ती माहिती नसेल तर अहवाल देणारा भलतीकडे जातो. पाठवणाऱ्याला नेमके काय हवे आहे तेही लिहावे. ‘चौथ्या-पाचव्या चकतीतली काळी गाठ वायूची की चुन्याची?’ या प्रश्नाला नेमके उत्तर मिळते, ‘मणके पाहा’ याला मिळत नाही.

अहवाल लिहिणाऱ्यानेही ‘व्हॅक्यूम फिनॉमेनन दिसते’ एवढ्यावर थांबू नये. रुग्णाची स्थिती, वायूची जागा, मोजलेला आकडा आणि आधीच्या तपासणीशी घातलेला मेळ हे सगळे तीन-चार वाक्यांत बसते. उदाहरणार्थ : ‘उताण्या स्थितीतील सीटीत चौथ्या-पाचव्या मणक्यांमधील चकतीच्या मध्यभागी वायूची आडवी फट आहे, किंमत सुमारे उणे ८०० हौन्सफिल्ड. वायू चकतीबाहेर गेलेला नाही. मणक्यांच्या पृष्ठभागांची कड अखंड आहे. आधीच्या एमआरआयमध्ये याच जागी टी-२ वर दिसलेली पांढरी पट्टी या फटीत भरलेल्या द्रवाची असावी. संसर्गाची इतर चिन्हे दोन्ही तपासण्यांत नाहीत.’